पहिला ठसका

समुद्रापासून थोडं आत, डोंगराच्या उतारावर एक वाडी होती. तिथे दोघे भाऊ राहत. थोरला अंगाने दणकट, बोलायला तडक आणि कामाला वाघ. धाकटा किरकोळ बांध्याचा, हळू बोलणारा. एक शब्द बोलला की दुसरा येईपर्यंत वेळ घ्यायचा. वडील गेल्यापासून घराचा कारभार थोरल्याकडे होता. नारळी-पोफळीचं लहानसं आगर, चार आंबे, आणि कर्ज काढून घेतलेलं, लाकूड कापायचं पेट्रोलवरचं मशीन. सगळी वाडी त्याला कटर म्हणे. कुणाचं झाड वठलं, कुणाच्या कौलांवर फांदी झुकली, की थोरल्याला बोलावणं येई. तो खांद्यावर कटर टाकून पुढे चाले आणि धाकटा पेट्रोलचा डबा आणि दोरखंड घेऊन मागून.

3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं. ताशी 100 किलोमीटरहून जास्त वेगाने वारा घोंगावला. तो ओसरल्यावर माणसं दारं उघडून बाहेर आली, तेव्हा त्यांना स्वतःचीच वाडी ओळखू येईना. पोफळी मधोमध मोडल्या होत्या. माड मुळासकट आडवे झाले होते. पत्रे उडून शेजारच्या आगरात पडले होते. वीज गेली, फोन गेले. टाळेबंदीमुळे बाजार आधीच धड उघडा नव्हता.

वाडीच्या वरच्या अंगाला एक आजी एकटी राहत होती. तिच्या घराकडे जाणाऱ्या पाखाडीवर जुना फणस आडवा झाला होता. बुंधा एका माणसाच्या कवेत न मावणारा, आणि शेंडा आजीच्या पडवीवर रेललेला. लोक खोडावरून हात लांब करून तिला पाण्याची कळशी आणि भाकरी देत होते. पाऊस दारात उभा होता. मोठी सर आली, माती सैल झाली, की फणस आणखी सरकणार आणि पडवी खाली येणार, हे सगळ्यांना दिसत होतं.

थोरला कटर घेऊन आला. त्याने मशीन जमिनीवर ठेवलं, मागच्या मुठीत पाय रोवला, पुढची मूठ डाव्या हाताने दाबून धरली, चेनचा ब्रेक लावला, चोक पूर्ण ओढला आणि दोरी खेचायला लागला. दोन-चार ओढींनंतर मशीन एकदाच ‘फट’ असं बोललं आणि गप्प झालं.

“दादा, ते आत्ता...” धाकटा म्हणाला.

“गप रे. तू आधी फांद्या ओढ बाजूला.”

धाकटा फांद्या ओढायला गेला. थोरला दोरी ओढत राहिला. मशीन पुन्हा काही बोललं नाही. त्याने जोर वाढवला. कपाळावरचा घाम मशीनवर टपकू लागला. पाखाडीवर जमलेल्यांनी सल्ले द्यायला सुरुवात केली. एकजण म्हणाला, पेट्रोल कमी असेल. थोरल्याने टाकी काठोकाठ भरली. दुसरा म्हणाला, ऑइल कमी पडत असेल. त्याने अंदाजानेच ऑइलची धार आणखी सोडली. तिसरा म्हणाला, प्लग गेला असेल. त्याने डब्यातला जुना प्लग काढून बसवला. थोड्या ओढींत तोही भिजला. आता सायलेन्सरच्या तोंडातून पेट्रोल ठिबकत होतं आणि सगळ्या पाखाडीवर त्याचा वास पसरला होता.

“दादा, सकाळी मी...” धाकट्याने पुन्हा तोंड उघडलं.

“तुला काय कळतं यातलं?”

धाकट्याने उरलेलं वाक्य गिळलं.

दुपार कलली तेव्हा थोरल्याच्या तळहाताला फोड आले होते. शेवटी संतापून त्याने मशीन डोक्यावर उचललं. ते तो दगडावर आपटणार, तेवढ्यात एका म्हाताऱ्याने त्याचं मनगट धरलं. “कर्ज फिटलं का त्याचं?” म्हाताऱ्याने विचारलं. थोरल्याने मशीन खाली ठेवलं. “मग खाडीपलीकडच्या मिस्त्रीला बोलाव,” म्हातारा म्हणाला.

फोन लागत नव्हते. धाकटा चालत निघाला. वाटेत झाडं पडलेली, तारा लोंबकळत असलेल्या. काही ठिकाणी तो खोडांखालून सरपटत गेला, काही ठिकाणी लांबचा वळसा घेतला. मिस्त्री म्हातारा होता. त्याचं सगळं आयुष्य लुना, राजदूत आणि जुन्या टू-स्ट्रोक बजाज स्कूटर दुरुस्त करण्यात गेलं होतं. नजर मंद झाली तसं त्याने गॅरेज बंद केलं होतं. धाकट्याचं बोलणं त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि सकाळी त्याच्याबरोबर निघाला. पिशवीत प्लगपाना, दोन पेचकस, दात घासायचा जुना ब्रश आणि धोतराचं फडकं, एवढंच होतं.

मिस्त्री पाखाडीवर आला, पण मशीनला त्याने हात लावला नाही. तो फणसाच्या खोडावर बसला, चहा घेतला आणि थोरल्याला म्हणाला, “काय झालं ते सांग.”

थोरल्याने सगळं सांगितलं. पेट्रोल सांगितलं, ऑइल सांगितलं, प्लग सांगितला, हाताचे फोड दाखवले. शेवटी म्हणाला, “मशीनच खोटं निघालं.”

मिस्त्री धाकट्याकडे वळला. “आणि तू कुठे होतास?”

“इथेच.”

“तू काय बघितलंस?”

थोरला बोलायला लागला, तसा मिस्त्रीने हात वर केला. धाकट्याने नेहमीसारखा वेळ घेतला. मिस्त्री थांबला, म्हणून बाकीचेही थांबले.

“एकदा... फट झालं होतं. अगदी सुरुवातीला. तेव्हा चोक पूर्ण ओढलेला होता. नंतर आवाजच आला नाही.”

“बास,” मिस्त्री म्हणाला, “एवढंच हवं होतं.”

त्याने आधी सगळ्यांना बिड्या विझवायला लावल्या आणि चार पावलं मागे सारलं. मशीनचं बटण बंद केलं. वरचं झाकण काढलं. हवेचा फिल्टर हातात घेतला, तर त्यावर भुसा आणि तेल यांचा जाड थर बसला होता, नखाने उकलावा असा. मग त्याने प्लग काढून थोरल्यापुढे धरला. प्लगचं टोक काळं, तेलकट आणि पेट्रोलने चमकत होतं.

“चोक म्हणजे हवेची वाट बंद करणं,” तो म्हणाला. “इंजिन गार असलं की सुरुवातीला त्याला पेट्रोल जास्त लागतं, म्हणून घडीभर हवा कोंडायची. ते एकदा फट म्हणालं, की त्याला पुरेसं मिळालं. तिथे चोक आत ढकलायचा आणि त्याला श्वास घेऊ द्यायचा. तू तसाच ओढत राहिलास. प्रत्येक ओढीला आणखी पेट्रोल आत गेलं. त्यात फिल्टर चोंदलेला, म्हणजे होती ती हवाही मिळेना. प्लग भिजला, ठिणगी मेली. ठसका लागलेल्या माणसाच्या तोंडात कुणी आणखी पाणी ओततं का?”

थोरला काही बोलला नाही.

मिस्त्रीने मशीन उलटं केलं, प्लगचं भोक जमिनीकडे येईल असं, आणि भोकाशी फडकं धरून धाकट्याला दोरी सावकाश ओढायला सांगितली. फडकं बघता बघता भिजलं. पाच-सहा ओढींनंतर नुसती हवा यायला लागली. मग त्याने मशीन वाऱ्याला ठेवलं. तोवर प्लग पुसला, ब्रशने काजळी काढली, टोकांमधली फट अर्ध्या मिलिमीटरची करून घेतली. फिल्टर झटकून धुतला आणि वाळवला. टाकीतलं तेलकट पेट्रोल काढून टाकलं आणि नवं मिश्रण केलं, एक लिटर पेट्रोलला 20 मिली ऑइल. ते त्याने औषधाच्या बाटलीच्या मापाच्या टोपणाने मोजलं.

“आता चोक नको,” तो म्हणाला. “आत अजून ओल आहे. नुसती हवा दे. रेस दाबून धर आणि ओढ.”

थोरल्याने ओढलं. मशीन खोकलं, पांढऱ्या धुराचा लोट सोडला आणि सुरू झालं. पाखाडीवरच्या पोरांनी ओरडा केला.

त्या दिवशी अंधार पडेपर्यंत थोरल्याने आजीच्या पडवीवरच्या सगळ्या फांद्या उतरवल्या. पडवी वाचली. आडवं खोड तेवढं उरलं. ते सकाळी कापायचं ठरलं. खाडी ओलांडायला उशीर झाला म्हणून मिस्त्री भावांच्या घरी मुक्कामाला राहिला.

रात्री थोरला खुशीत होता. “कळलं आता मला,” तो शेजाऱ्यांना सांगत होता. “सगळा घोळ चोकचा. यापुढे चोकला हातच लावायचा नाही.” मिस्त्रीने ते ऐकलं आणि ताटातला भात कालवत राहिला. झोपण्याआधी थोरल्याने मशीन रोजच्या जागी ठेवलं, पडवीत, स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकवून. त्या भिंतीच्या पलीकडे चूल होती. ओल लागू नये म्हणून त्याने ती ऊबदार जागा निवडली होती. त्या दिवसांत तीन घरांचा स्वयंपाक त्यांच्याच चुलीवर होत होता, कारण बाकीच्यांची छपरं उडाली होती. चूल उशिरापर्यंत पेटती राहिली.

सकाळी थोरला पाखाडीवर आला. चोक आत ठेवून त्याने दोरी ओढली. काही झालं नाही. पुन्हा ओढली. मशीन ढिम्म. मागून कुणीतरी आठवण करून दिली, “अरे, गार इंजिनाला चोक लागतो असं मिस्त्रीच म्हणाले होते ना?” थोरल्याने चोक ओढला. या वेळी तो प्रत्येक ओढीनंतर थांबून त्या ‘फट’ची वाट बघत होता. ती आली नाही. त्याने मान वळवून मिस्त्रीकडे बघितलं. मिस्त्री खोडावर बसून भाकरी खात होता. तो काही बोलला नाही.

थोरल्याने दोरी पुन्हा मुठीत घेतली.

“दादा...” धाकटा म्हणाला.

थोरल्याच्या तोंडात तेच नेहमीचे शब्द आले होते. ओठांपर्यंत आले आणि तिथेच थांबले. त्याने मूठ सैल केली. “बोल,” तो म्हणाला.

धाकट्याने मिस्त्रीकडे बघितलं, मग भावाकडे. “सकाळी मी पडवी झाडत होतो. मशीनला कुणी हातही लावला नव्हता, तरी पेट्रोलचा वास येत होता. खाली फरशीवर ओला डागही होता. परवा सकाळीसुद्धा वास येत होता. तेच मी परवा सांगत होतो.”

मिस्त्रीने भाकरी बाजूला ठेवली आणि हात धुतले.

“म्हणजे तू ओढायच्या आधीच त्याचं पोट भरलेलं होतं,” तो थोरल्याला म्हणाला. “परवा थोडं झिरपलं असेल, म्हणून एकदा तरी बोललं. काल रात्री भिंत तापली, टाकीत वाफ कोंडली, तिने पेट्रोल पुढे ढकललं. आता चोक लावलास काय आणि न लावलास काय, सारखंच.”

त्याने कार्बोरेटर उतरवला. “स्कूटरच्या कार्बोरेटरला वाटी असते, वाटीत तरंगता फ्लोट असतो,” तो धाकट्याला दाखवत म्हणाला. “हे मशीन तिरकं, उलटं कसंही धरावं लागतं, म्हणून याला वाटी चालत नाही. इथे रबराचा पातळ पडदा असतो. इंजिन ओढ घेतं तसा पडदा हलतो, त्याने ही सुई उचलते, आणि लागेल तेवढंच पेट्रोल आत जातं. सुई नीट बसली की वाट बंद.” सुई तांदळाच्या दाण्याएवढी होती. मिस्त्रीने ती डोळ्यांजवळ धरली, लांब धरली, आणि मग धाकट्याच्या तळहातावर ठेवली. “मला दिसत नाही. तू बघ.”

धाकट्याने सुई उन्हाकडे फिरवून बघितली. मग ती बसते त्या भोकात निरखून बघितलं. “इथे काहीतरी लाल आहे.”

तो गंजाचा कण होता. वादळाआधी पेट्रोल मिळणार नाही म्हणून थोरल्याने घाईने जुन्या लोखंडी डब्यात भरून आणलं होतं. डब्याचा गंज पेट्रोलबरोबर टाकीत आला, आणि टाकीतल्या गाळणीतून निसटलेला एक कण सुईखाली जाऊन बसला. सुई पूर्ण टेकत नव्हती. रात्रभर थेंब थेंब आत झिरपत होता.

मिस्त्रीने फुंकर मारून आणि स्वच्छ पेट्रोलने धुऊन वाट मोकळी केली. टाकी विसळली. पेट्रोल दुहेरी फडक्यातून गाळून प्लास्टिकच्या कॅनमध्ये भरायला लावलं. “आणि पेट्रोलचं मशीन चुलीच्या भिंतीला टेकवून ठेवत नाहीत,” तो म्हणाला. “छप्पर वादळातून वाचलं, ते तू पेटवलं असतंस.” मग आदल्या दिवसासारखंच इंजिन उलटं करून रिकामं केलं, प्लग वाळवला, आणि ऊन डोक्यावर येईपर्यंत मशीन तसंच उघडं ठेवलं. कुणी घाई केली नाही.

सगळं जोडून झालं. थोरल्याने पाय रोवला, ब्रेक लावला, चोक ओढला. पाखाडीवर सगळे गप्प होते. पहिली ओढ. दुसरी ओढ. तिसऱ्या ओढीला मशीन म्हणालं, फट.

थोरल्याचा हात जागच्या जागी थांबला. त्याने चोक आत ढकलला आणि दोरी एकदा ओढली. मशीन सुरू झालं.

खोडाशी जाऊन त्याने पातं टेकवलं, आणि मग काहीतरी आठवल्यासारखा तो थांबला. मशीन बंद करून त्याने धाकट्याला हाक मारली. “तुला काय दिसतं इथे?”

धाकटा खोडाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेला. वाकून खाली बघून आला. “दोन्ही टोकं टेकलेली आहेत, मधे पोकळ आहे. वरूनच कापत गेलास तर खोड बसेल आणि पातं आवळलं जाईल. वरून थोडं घे. मग खालून वर ये.”

थोरल्याने तसंच केलं. वरून वीतभर, मग खालून. खोड दुभंगून दोन बाजूंना बसलं आणि पातं मोकळं राहिलं. आतलं पिवळंजर्द लाकूड उन्हात उघडं पडलं. एकेक ओंडका बाजूला सारत संध्याकाळपर्यंत पाखाडी मोकळी झाली. आजी काठी टेकत स्वतःच्या पायांनी खाली आली आणि फणसाच्या लाकडातून पडवीला दोन खांब निघतील का, हे तिने थोरल्याला विचारून घेतलं. खांब निघत होते.

मिस्त्री निघाला तेव्हा थोरला त्याला खाडीपर्यंत पोचवायला गेला. बराच वेळ तो काही बोलला नाही. तरीपाशी आल्यावर त्याने विचारलं, “मिस्त्रीकाका, खरं सांगा. चूक मशीनची होती की माझी?”

“थोडी त्याची, थोडी तुझी,” मिस्त्री म्हणाला. “गंजाचा कण कुणाच्याही मशीनमध्ये जातो. पण मशीन पहिल्याच दिवशी बोललं होतं. तुझा भाऊही बोलला होता. आवाज दोघांचाही बारीक, आणि तू दोरी ओढत होतास.”

अडलेल्या कामात आपण नेहमी काहीतरी वाढवत जातो. जोर वाढवतो, आवाज वाढवतो, सल्ले वाढवतो, आणि जे आधीच तुडुंब भरलं आहे त्यात आणखी ओततो. मिस्त्रीने पहिल्या दिवशी दिलेला उपाय दुसऱ्या दिवशी चालला नाही, कारण उपाय पाठ करून ठेवता येतो, बिघाड मात्र दर वेळी नव्याने ऐकावा लागतो. आणि बिघाडाची पहिली खूण क्वचितच मोठ्याने येते. कधी ती इंजिनाच्या एका ठसक्यात असते. कधी ती घरातल्या सगळ्यांत हळू बोलणाऱ्या माणसाच्या अर्ध्या वाक्यात असते. ते वाक्य पुरं होऊ देण्याला फार तर चार क्षण लागतात. थोरल्याने ते वाचवले आणि त्यापायी दोन दिवस आणि हाताची कातडी घालवली.